दोन पक्षी एकत्र दिसत नाहीत, म्हणून ते भांडतात का?

जे हा भाग ऐकण्याऐवजी इथे वाचतायत त्यांच्यासाठी: बोलताना झालेले "अं" आणि "आं" मी काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. एका वाक्याची चूक होती. पण ती वेळेत पकडली गेली नसती, तर एका टेकडीचं थोडं का होईना, नुकसान झालं असतं.

मी कोड लिहून पोट भरतो हे तुम्हाला माहितीये. शनिवार-रविवारी सकाळी मात्र मी दुर्बीण घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर असतो. आमचा एक छोटा ग्रुप आहे. वीसेक ठिकाणं ठरलेली आहेत, तिथे जायचं, दिसलेल्या पक्ष्यांची यादी करायची. मग कुणीतरी सुचवलं की या याद्यांवरून एक टिपण तयार करू आणि टेकडीवर झाडं लावणाऱ्या मंडळींना देऊ. "तू इंजिनियर ना, मग तूच कर." झालं, आलं काम अंगावर.

मी सगळ्या याद्या एका तक्त्यात भरल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक पक्षी, प्रत्येक स्तंभ म्हणजे एक ठिकाण. पक्षी दिसला तर १, नाही दिसला तर ०. आणि तक्त्याकडे बघता बघता मला एक गोष्ट दिसली. जिथे चिरक होता, तिथे दयाळ जवळजवळ नव्हताच. आणि जिथे दयाळ, तिथे चिरक नाही.

ज्यांना हे पक्षी माहीत नाहीत त्यांच्यासाठी: चिरक म्हणजे तो छोटा काळा, दगडावर बसून शेपटी उभी करणारा, शेपटीखाली तांबूस असणारा. आणि दयाळ म्हणजे काळा-पांढरा, सोसायटीच्या बागेत पहाटे शीळ घालणारा. आकाराने फारसा फरक नाही, दोघंही किडे खाणारे. मी टिपणात लिहून टाकलं: "दयाळ चिरकाला टेकडीवरून हुसकावतोय."

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी ते वाक्य वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अरे, पण हे उगाचच घडलं असतं का, ते मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. मला तर हा प्रश्न विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं. आजचा सगळा भाग या एका प्रश्नाबद्दल आहे.

चला, आधी एक छोटं गणित करू. समजा सहा टेकड्या आहेत. एक पक्षी त्यातल्या तीन टेकड्यांवर आहे, दुसराही तीनच टेकड्यांवर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोण कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरलंय. तरीसुद्धा ते एकदाही एकत्र नसण्याची शक्यता किती? सहातून तीन निवडायचे प्रकार २०. त्यातला एकच प्रकार असा, की दुसऱ्या पक्ष्याच्या वाट्याला बरोब्बर उरलेल्या तीन टेकड्या येतात. म्हणजे २० मध्ये १, पाच टक्के.

तुम्ही म्हणाल, पाच टक्के म्हणजे कमीच की. थांबा. यादीत दोनच पक्षी नसतात. समजा असे तीस पक्षी आहेत. तीस पक्ष्यांच्या जोड्या होतात ४३५. त्याचे पाच टक्के म्हणजे साधारण २२. म्हणजे कुणाचंही कुणाशी भांडण नसताना, निव्वळ चिठ्ठ्यांवर, बावीसेक जोड्या अशा निघतील ज्या एकमेकांना "टाळतात". आणि मी काय केलं होतं? अख्खा तक्ता न्याहाळून त्यातली सगळ्यात उठून दिसणारी एक जोडी उचलली होती, आणि तिच्यावर एक गोष्ट रचली होती.

आता माझी चूक नवी नव्हती. याच प्रश्नावरून परिसरशास्त्रात चाळीस वर्षं वाद झालाय, आणि तोही भल्याभल्यांमध्ये.

जॅरेड डायमंड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. "गन्स, जर्म्स अँड स्टील" हे १९९७ चं गाजलेलं पुस्तक लिहिणारे तेच. पण त्याच्या कितीतरी आधी ते न्यू गिनीच्या परिसरातल्या पक्ष्यांचे अभ्यासक होते. न्यू गिनीच्या ईशान्येला बिस्मार्क द्वीपसमूह आहे. १९७५ मध्ये डायमंड यांनी तिथल्या पक्ष्यांवर एक मोठं प्रकरण लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की मॅक्रोपायजिया या लांब शेपटीच्या कबुतरांच्या दोन जाती आहेत. काही बेटांवर पहिली, काही बेटांवर दुसरी, काही बेटांवर दोन्ही नाहीत. पण दोन्ही एकत्र, असं एकही बेट नाही. नकाशावर हे बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, काळं घर, पांढरं घर. म्हणून त्याला चेकरबोर्ड नाव पडलं. डायमंड यांचं म्हणणं असं, की यामागचं मोठं कारण स्पर्धा. खाणं सारखं, राहणी सारखी, मग एका बेटावर दोघांना जागा नाही. कुठल्या जाती एकत्र नांदतील आणि कुठल्या नाही, याचे काही नियम आहेत.

वाचायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं. माझा चिरक, माझा दयाळ, अगदी तीच गोष्ट.

चार वर्षांनी, १९७९ मध्ये, एडवर्ड कॉनर आणि डॅनियल सिम्बरलॉफ या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: योगायोग की स्पर्धा? म्हणजे आमच्या काकांचाच प्रश्न. त्यांनी व्हानुआटूच्या बेटांवरचे पक्षी घेतले, तेव्हा त्या बेटांना न्यू हेब्रिडीज म्हणत. ५६ जाती, २८ बेटं. शिवाय वेस्ट इंडीजमधले पक्षी आणि वटवाघळं घेतली. आणि मग त्यांनी तक्ते फेटले. पत्ते फेटतो तसे. १ आणि ० इकडचे तिकडे करून नवे तक्ते बनवायचे, ज्यात स्पर्धा वगैरे काहीच नाही. त्या खोट्या तक्त्यांमध्ये एकमेकांना टाळणाऱ्या जोड्या किती निघतात ते मोजायचं, आणि खऱ्या तक्त्याशी ताडून बघायचं. या खोट्या तक्त्यांच्या जगाला नल मॉडेल म्हणतात. त्यांचा निष्कर्ष: खऱ्या तक्त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी फेटलेल्या तक्त्यांतही तशाच दिसतात. मग स्पर्धेचं नाव घ्यायची गरज काय?

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, फेटायचं म्हणजे नक्की कसं फेटायचं?

बघा, काही बेटं मोठी असतात, तिथे खूप जाती राहतात. काही म्हणजे नुसते खडक. काही पक्षी सगळीकडे आढळतात, काही दुर्मीळ. हे सगळं विसरून १ आणि ० कुठेही उधळले, तर खऱ्याशी काही नातंच नसलेले तक्ते तयार होतील. त्याच्याशी तुलना केली तर काहीही "विशेष" ठरेल. म्हणून कॉनर आणि सिम्बरलॉफ यांनी अटी घातल्या. प्रत्येक बेटावर जेवढ्या जाती खऱ्या तक्त्यात आहेत, तेवढ्याच राहिल्या पाहिजेत. प्रत्येक जात जेवढ्या बेटांवर आहे, तेवढ्याच बेटांवर राहिली पाहिजे. म्हणजे ओळींची बेरीज तीच, स्तंभांची बेरीज तीच, फक्त आतली मांडणी बदलायची. शिवाय तिसरी अट, की एखादी जात ज्या आकाराच्या पक्षीसमूहात आढळते, तशाच बेटांवर तिला ठेवायचं.

यावर डायमंड आणि मायकेल गिलपिन यांनी १९८२ मध्ये जोरदार उत्तर दिलं. एक मुद्दा असा, की तुम्ही सगळ्या जातींच्या सगळ्या जोड्या एकत्र मोजता. कबुतर आणि गरुड यांच्यात कसली आलीय स्पर्धा? अशा शेकडो बिनकामाच्या जोड्यांमध्ये खऱ्या स्पर्धकांच्या चार जोड्या मिसळल्या, की दुधात पाणी घातल्यासारखं होतं. दूध आहे, पण चव लागत नाही.

दुसरा मुद्दा १९८४ मध्ये रॉबर्ट कोलवेल आणि डेव्हिड विंकलर यांनी मांडला, आणि तो मला फारच आवडतो. समजा स्पर्धेमुळेच एखादी जात दहा बेटांवरून हटून तीनच बेटांवर उरली. आता तुम्ही "ही जात तीन बेटांवर आहे" हे पक्कं धरून तक्ते फेटता. म्हणजे स्पर्धेचा परिणाम तुमच्या अटीतच शिरलाय! जिच्या विरुद्ध तपास करायचा, तिलाच पंच नेमल्यासारखं झालं. स्वतःच्याच प्रतिबिंबात अडकलेल्या ग्रीक पुराणातल्या नार्सिससचं नाव त्यांनी याला दिलं.

तेव्हा मला कळलं की "योगायोग" ही काही एकच एक गोष्ट नाही. काय पक्कं धरायचं आणि काय मोकळं सोडायचं, हे ठरवल्याशिवाय योगायोग म्हणजे काय तेच ठरत नाही. आणि ते ठरवायला पक्षी माहीत असावे लागतात, नुसतं गणित पुरत नाही.

बरं, आता माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांसाठी थोडं. बाकीच्यांनीही ऐका, अवघड नाहीये.

बेरजा तशाच ठेवून तक्ता फेटायचा कसा? सोपी युक्ती आहे. दोन ओळी आणि दोन स्तंभ निवडा. त्यांच्या चार घरांत वर १-०, खाली ०-१ असेल, तर ते उलटं करा: वर ०-१, खाली १-०. कुठलीच बेरीज बदलत नाही. असं हजारो वेळा करत राहा, तक्ता फेटला जातो.

सगळे शक्य तक्ते मोजूनच टाकू, असा विचार मनात येईल. विसरा. गालापागोस बेटांवरच्या डार्विनच्या फिंच पक्ष्यांचा एक प्रसिद्ध तक्ता आहे, १३ जाती आणि १७ बेटं. केवढासा तक्ता! पण त्याच बेरजा असलेले तक्ते आहेत ६७,१४,९१,०६,१३,७५,६७,६२६. सतरा आकडी संख्या. सेकंदाला दहा लाख तक्ते तपासले तरी दोन हजारांवर वर्षं लागतील. म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि नमुना घेताना प्रत्येक तक्त्याला सारखी संधी मिळायला हवी.

इथे माझी दुसरी चूक झाली. मी एका रात्रीत पायथनमध्ये कोड लिहिला. उलटवता येण्यासारखा चौकोन सापडेपर्यंत लूप फिरवायचा, सापडला की उलटवायचा, मग तक्ता नोंदवायचा. दिसायला अगदी बरोबर. पण कागद घ्या आणि तीन पक्षी, तीन ठिकाणं असा तक्ता काढा. ओळींच्या बेरजा २, १, १. स्तंभांच्या बेरजाही २, १, १. असे तक्ते फक्त पाचच होतात, काढून बघा. त्यातल्या एका तक्त्यापासून चार वेगवेगळ्या अदलाबदली शक्य आहेत, बाकीच्या चार तक्त्यांपासून तीन-तीन. म्हणजे एका घराला चार दारं आणि इतरांना तीन. माझ्या पद्धतीने फिरत राहिलं, तर चार दारांच्या घरात जास्त वेळा पाऊल पडणार. वीस टक्के वेळा पडायला हवं, ते पडतं पंचवीस टक्के वेळा.

आणि हा जास्त वेळा येणारा तक्ता कोणता माहितीये? ज्यात दोन ठिकाणी असणारा पक्षी बाकी दोघांपासून पूर्ण वेगळा राहतो तो. म्हणजे माझं "योगायोगाचं" जगच मुळात थोडं जास्त फटकून वागणारं झालं होतं.

यावरचा उपाय इश्त्वान मिक्लोश आणि यानोश पोदानी यांनी २००४ मध्ये मांडलाय, आणि तो दोन ओळींचा आहे. चौकोन उलटवता आला नाही तर तो प्रयत्नही मोजायचा. म्हणजे "काही बदललं नाही" हीसुद्धा एक पायरी धरायची आणि आहे तोच तक्ता पुन्हा नोंदवायचा. इतकंच केलं की सगळ्या घरांना सारखा वेळ मिळतो.

२०१४ मध्ये आणखी वेगवान पद्धत आली, तिचं नाव कर्व्हबॉल. ती सुचली मुलांच्या बेसबॉल कार्डांच्या अदलाबदलीवरून. आपण शाळेत ट्रम्प कार्डं बदलायचो, तेच डोळ्यांसमोर आणा. दोन मुलं समोरासमोर बसली. दोघांकडेही असलेली कार्डं बाजूला ठेवली. फक्त एकाकडेच असलेली सगळी कार्डं एकत्र केली, फेटली, आणि दोघांना पूर्वीइतकीच परत वाटली. कुणाची कार्डं कमी झाली नाहीत, पण हातातली पानं बदलली. कार्डांच्या जागी ठिकाणं आणि मुलांच्या जागी पक्षी ठेवा, झालं काम.

आता फेटलेल्या तक्त्यांमध्ये मोजायचं काय? लुई स्टोन आणि ॲलन रॉबर्ट्स यांनी १९९० मध्ये एक सोपं माप दिलं, सी-स्कोअर. दोन पक्षी घ्या. फक्त पहिला आहे अशी ठिकाणं गुणिले फक्त दुसरा आहे अशी ठिकाणं. सगळ्या जोड्यांसाठी हे काढा आणि सरासरी घ्या. आकडा जितका मोठा, तितके पक्षी एकमेकांपासून वेगळे. गंमत म्हणजे कॉनर आणि सिम्बरलॉफ यांच्या व्हानुआटूच्या त्याच पक्ष्यांना हे माप लावल्यावर निकाल बदलला: ते पक्षी नुसत्या योगायोगापेक्षा जास्त वेगवेगळे राहतात. पुढे २००२ मध्ये निकोलस गोटेली आणि डेक्लन मॅकेब यांनी जगभरातले ९६ तक्ते एकत्र तपासले. वनस्पती, पक्षी, सस्तन प्राणी आणि मुंग्या यांच्यात असं वेगळेपण ठळक दिसलं.

मग डायमंड जिंकले का? तसं नाही. पॅटर्न खरा आहे हे कळलं. तो स्पर्धेमुळे आहे की जमिनीच्या फरकामुळे, की दोन जाती मुळात वेगवेगळ्या दिशांनी आल्यामुळे, हे तक्ता सांगत नाही. बिस्मार्कच्या पक्ष्यांवरून २०११ आणि २०१५ मध्येही दोन्ही बाजूंचे निबंध निघालेत. २०२० मध्ये गियोम ब्लांशे आणि सहकाऱ्यांनी तर शीर्षकातच स्पष्ट सांगितलं: एकत्र दिसणं किंवा न दिसणं हा परस्परसंबंधाचा पुरावा नव्हे.

तर, परत आपल्या टेकडीवर येऊ.

कोड दुरुस्त केला. तक्ते फेटले. चिरक-दयाळ जोडी तरीही वेगळीच निघाली. मी खुशीत काकांना फोन केला. "काका, योगायोग नाहीये!"

काका म्हणाले, "बरं. योगायोग नाही हे कळलं. भांडण आहे हे कुठे कळलं?"

मी गप्प.

"तू कधी चिरकाला बागेत बघितलंस?"

नव्हतं बघितलं. चिरक उघड्या, खडकाळ, झुडपांच्या कोरड्या माळावरचा पक्षी. दयाळ झाडीतला, बागेतला, सावलीतला. दोघांचं भांडण असायला आधी भेट तर व्हायला हवी!

मग मी वीस ठिकाणांचे दोन गट केले, उघडा माळ वेगळा आणि झाडी-बागा वेगळ्या, आणि प्रत्येक गटाच्या आतच तक्ता फेटला. म्हणजे "ठिकाण कसं आहे" हे पक्कं धरलं. आणि ती जोडी गर्दीत विरून गेली. उठून दिसेनाशी झाली.

आता नुकसान कसं झालं असतं ते सांगतो. आमचं टिपण जाणार होतं झाडं लावणाऱ्या मंडळींकडे. मनापासून काम करणारी माणसं आहेत, पहाटे उठून खांद्यावरून पाणी नेतात. त्यांनी माझं वाक्य वाचलं असतं, तर काय समजले असते? की चिरक कमी होतोय तो दयाळामुळे, पक्ष्यांचा आपापसातला मामला आहे, आपण काय करणार. आणि ते उरलेल्या उघड्या खडकाळ माळावरही खड्डे खणत राहिले असते. चिरकाला जागा हवी ती नेमकी तो रिकामा, ओसाड वाटणारा माळ. माझ्या वाक्याने दोष पक्ष्यावर गेला असता, आणि माळ नजरेआड झाला असता.

टिपणात आता ते वाक्य नाही. त्याऐवजी लिहिलंय: "चिरक उघड्या माळावर आढळतो, दयाळ झाडीत. टेकडीवरचा काही भाग झाडं न लावता तसाच ठेवावा." शेवटी एक ओळ काकांनी घालायला लावली, की यादीतलं ० म्हणजे "पक्षी नाही" असं नसून "आम्हाला दिसला नाही" असं आहे. त्या दिवशी आम्ही उशिरा पोहोचलो असू, तो गप्प बसला असेल. तेही खरंच.

मंडळींनी टिपण वाचलं, चर्चा झाली, थोडी वादावादीही झाली. दक्षिणेकडचा एक उतार या पावसाळ्यात तसाच ठेवायचं ठरलंय. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

तुम्हीही कधी तक्त्यात, ग्राफमध्ये, ऑफिसच्या डॅशबोर्डवर एखादा छान पॅटर्न बघितलात आणि लगेच कारण सुचलं, तर जरा थांबा. आधी विचारा, हे उगाच घडलं असतं का? उगाच म्हणजे काय पक्कं धरून? आणि उगाच नसेल, तरी मला सुचलं तेच कारण कशावरून?

कागदावर ते पाच तक्ते नक्की काढून बघा, आणि चार दारांचं घर सापडलं की मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!